वर्षाची बेगमी

धान्य पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच ते वर्षभर राखणे जिकिरीचे असते. जमीन देते ती ठराविक ऋतूत. पोटाला मात्र बारा महिने अन्न लागते. म्हणून माणूस जी आगाऊ तजवीज करून ठेवतो, तिला बेगमी म्हणतात.

बेगमीची रीत हवामानावर ठरते. हिमालयापलीकडील लडाखमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते व महिनोन्‌महिने काही उगवत नाही. तेथील लोक उन्हाळ्यात पिकविलेले बटाटे व गाजरे खड्ड्यात पुरून ठेवतात, कारण खोल मातीत कडक थंडी पोचत नाही. परभणीकडे याच्या उलट. येथे हिवाळ्यात मळे बहरतात. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, विहिरी आटतात आणि मळे ओस पडतात. परंतु ज्या उन्हाने मळा सुकतो, त्याच उन्हाला येथील गृहिणींनी कामाला लावले आहे.

माघ-फाल्गुनापासून माळवदावर वाळवणे पडू लागतात. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, गवारीच्या शेंगा, भेंडीच्या व कारल्याच्या चकत्या; मागाहून कुरडया आणि सांडगे. यामागील शास्त्र साधे आहे. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना व बुरशीला वाढण्यास पाणी लागते. ऊन ते पाणी काढून घेते. शेंग मोडताना कट्‌ असा आवाज आला, म्हणजे ती पुरती वाळली असे समजावे. जरा ओल राहिली, तरी पावसाळ्यात सारा साठा बुरसतो. लोणच्यातही हेच तत्त्व आहे. मीठ फोडींतील पाणी ओढून घेते आणि वर आलेले तेल हवेला आत शिरू देत नाही.

ज्वारी हे या भागाचे मुख्य अन्न. तिच्यासाठी पूर्वी जमिनीत पेवे खणीत. पेवाचे तोंड अरुंद व पोट रुंद असे. आत कडब्याचा थर देऊन ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू संपे. त्यामुळे किडीला जगणे कठीण होई. परंतु त्याच कारणाने, उघडलेल्या पेवात घाईने उतरणारा माणूसही गुदमरून प्राणास मुकत असे. म्हणून पेव बराच वेळ उघडे ठेवून आत दिवा सोडीत; दिवा विझला, तर कोणी उतरत नसे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार याच पेवावरून आला आहे.

साठा सरला म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने १९७२ च्या दुष्काळात अनुभवले. घरची ज्वारी संपली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर अनेकांना दिवस काढावे लागले. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे तयार झालेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण दूरवर पोचला. पिकविण्याचे ज्ञान असे वाढत गेले. राखण्याचे ज्ञान मात्र घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी आहे व ते पुस्तकांत फारसे सापडत नाही.

आता पेवांची जागा पत्र्याच्या कोठ्यांनी घेतली आहे. वाळवणे मात्र अजून पडतात. यंदा पाखरे हाकण्यासाठी वाळवणापाशी बसाल, तेव्हा एखादी शेंग मोडून पाहा आणि आजीला विचारा, “ही वाळली का?” तिचे उत्तर नीट ऐकून ठेवा. तीही एक बेगमीच आहे.