थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना? हीटर प्लगची वायरिंग नीट करून घ्या



मार्गशीर्ष सरून पौष लागला की निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या द्राक्षाच्या पट्ट्यात पहाटेचा पारा बऱ्याच वर्षी ५-६ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. पहाटे फवारणीला ब्लोअर जोडावा, तर ट्रॅक्टर दोन-चार वेळा कण्हतो आणि गप्प बसतो. ऊस भागात भरलेली ट्रॉली शिवारात अडकून पडते. मग गावठी उपाय सुरू होतात. कुणी पेट्रोलचा बोळा पेटवून हवेच्या नळीपाशी धरतो, कुणी ईथरचा फवारा मारतो, कुणी खाली उभा राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरचे दोन बोल्ट जोडतो. या तिन्ही उपायांत जिवाला धोका आहे. तिसऱ्यात सर्वांत जास्त, कारण ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन धरताच तो चालू लागतो आणि चाकापुढे उभा असलेला माणूस त्याखाली सापडतो.

हे सगळे टाळण्यासाठी इंजिनाला विजेची ऊब देण्याची सोय असते. तिला आपण हीटर किंवा ग्लो प्लग म्हणतो. ही सोय बसवताना वायरमनला काय सांगावे, ते या पत्रिकेत दिले आहे.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला गरम लागते. डिझेल इंजिन त्याच तत्त्वावर चालते. त्यात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेटतो. पहाटे मात्र लोखंड गार असते, ते हवेतली उष्णता शोषून घेते. तेल घट्ट झाल्याने इंजिन जड फिरते. बॅटरीही थंडीत कमी जोर देते. म्हणजे हवा हळू दाबली जाते आणि दाबताना तिची उष्णताही निघून जाते. अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. धूर अजिबातच नसेल, तर डिझेलच पोचत नाही असे समजा. तिथे हीटर काय करणार?

तुमच्या ट्रॅक्टरला हीटर लागतो का?

आपल्याकडचे बहुतेक मोठे ट्रॅक्टर थेट फवारणीच्या इंजिनाचे आहेत, म्हणजे त्यांत डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडते. असे इंजिन १० अंशांत हीटरशिवाय सुरू झालेच पाहिजे. होत नसेल तर आधी बॅटरी, डिझेल फिल्टर, नोझल आणि कॉम्प्रेशन तपासा. वर हीटर बसवून रोग झाकला जाईल, बरा होणार नाही. यांपैकी काही ट्रॅक्टरांना हवेच्या मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट असतो. त्याची तार तापली की थेंब थेंब डिझेल आत येऊन पेटते आणि हवा गरम होते. तो साधारण १२-१३ ॲम्पिअर घेतो. त्याला डिझेल पोचत नसेल तर तार कोरडीच तापून जळते, म्हणून डिझेलची बारीक नळी आधी बघावी.

ज्या इंजिनात डोक्याला वेगळी छोटी खोली असून डिझेल आधी तिच्यात जळते, त्यांची गोष्ट निराळी. बागेत चालणारे अनेक लहान ट्रॅक्टर आणि काही जुने ट्रॅक्टर असे आहेत. त्या खोलीच्या भिंती उष्णता फार खातात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. यातला एक जरी मेला तरी थंडीत इंजिन त्रास देते.

प्लगवरचा आकडा वाचा

प्लग बदलताना त्याच्यावर किती व्होल्ट कोरले आहे ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या पद्धतीचे उघड्या तारेचे प्लग दीड-दोन व्होल्टांचे असतात. ते एकापुढे एक, माळेसारखे जोडतात. माळेतला एक तुटला की सगळेच बंद. असा प्लग सरळ १२ व्होल्टांवर जोडला तर डोळ्यादेखत जळून जातो. नंतरच्या नळीबंद प्लगांना १०.५ ते १२ व्होल्ट लागतात. ते सगळे एका पट्टीवर शेजारी शेजारी जोडतात आणि अर्थिंग इंजिनाच्या अंगातूनच मिळते. नव्या गाड्यांत ४ किंवा ७ व्होल्टांचे, इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालणारे प्लगही येतात. ते आपल्या साध्या वायरिंगला लावू नयेत. खालची माहिती १२ व्होल्टांच्या नळीबंद प्लगांची आहे.

वायरिंग

गोंधळ इथेच होतो. एक प्लग सुरुवातीला १५-२० ॲम्पिअर ओढतो, तापल्यावर ८-१० वर येतो. तीन प्लग म्हणजे आरंभी ५० आणि मग ३० ॲम्पिअर. हेडलाइटला याच्या पावपटही वीज लागत नाही. तरी पुष्कळ ठिकाणी हेडलाइटची बारीक वायर आणि साधे बटण लावून दिलेले दिसते. १ चौरस मिलिमीटरची वायर ३ मीटर लांब असेल, तर तिच्यातच दीड व्होल्टाच्या आसपास वाया जातात आणि प्लगची जवळजवळ चार आणे उष्णता घटते. प्लग कोमट, वायर गरम! त्या वायरला फ्यूज नसेल आणि ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीशेजारी उभा असेल, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून बॅटरीपासून प्लगपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची, बारीक तारांची लवचिक वायर वापरा. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर नको, इंजिनाच्या हादऱ्याने ती तुटते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर ५० ॲम्पिअरचा पट्टी-फ्यूज बसवा. फ्यूज बटणापाशी लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षण राहते.

एवढी वीज चावीतून किंवा बटणातून नेऊ नये, त्यासाठी रिले घ्यावा. तीन प्लगांना ७० ॲम्पिअरचा चांगला. ४० चा रिले आरंभीच्या ओढीने चिकटतो, आणि चिकटला की प्लग चालूच राहून जळतात, बॅटरीही बसते. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून प्लगच्या पट्टीला जाणारी जाड वायर, ८५ अर्थिंगला आणि ८६ वर बटणाकडून आलेली वायर. या शेवटच्या दोन वायरी बारीक चालतात, कारण त्यांतून थोडीच वीज जाते. बटण दाबून धरायचे, सोडताच बंद होणारे असावे आणि त्याला वीज चावीच्या पुढून, छोट्या फ्यूजमधून द्यावी, म्हणजे चावी काढल्यावर पोरांनी दाबले तरी काही होणार नाही. दाबून ठेवायचा खटका लावू नका. माणूस विसरतो.

रिले सायलेन्सरपासून दूर, पाणी उडणार नाही अशा जागी बसवा. लग नुसते पकडीने चेपून भागत नाही, योग्य चिमट्याने दाबून घ्यावेत. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश हवा. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी या अर्थिंगच्या पट्ट्या सोडवून खालचा रंग व गंज खरवडा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर आधी सोडायची आणि शेवटी जोडायची.

झाल्यावर बटण दाबून पट्टी आणि इंजिनाचे अंग यांमध्ये मीटर लावा. ११ व्होल्टांपेक्षा कमी दिसले तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा बॅटरी उतरली आहे.

प्लग तपासणे

मीटर नसेल तर १२ व्होल्टांचा बल्ब पुरे. प्लगवरची पट्टी काढा. बल्बचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे प्लगच्या डोक्याला लावा. पेटला तर आतली तार शाबूत आहे, नाही पेटला तर प्लग गेला. असे प्रत्येकाचे करा. प्लग काढायचा झाल्यास इंजिन कोमट असताना काढा, आधी भोवतीची माती फुंकून टाका, मुळाशी गंज सोडवणारे तेल घालून थोडा वेळ थांबा. अडला तर पान्याला नळी घालून जोर करू नका. प्लग आत मोडला की हेड उतरवावे लागते.

वापरताना ट्रॅक्टर न्यूट्रलला, माणूस सीटवर. बटण १५ ते २० सेकंद दाबा आणि ते दाबलेलेच ठेवून सेल मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला विसावा द्या. हीटर असलेल्या इंजिनात ईथर कधीही मारू नये. तापलेल्या प्लगवर ते अवेळी भडकते आणि पिस्टन फुटतो, कधी मॅनिफोल्डही.

हँडल मारून चालणाऱ्या पंपाच्या इंजिनाला यातले काही लागत नाही. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून चार-सहा फेरे मोकळे फिरवा. पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल तर जॅकेटमध्ये कोमट पाणी घाला. उकळते नको, गार बिडाला तडा जाण्याचा धोका असतो.

नवी वायरिंग आठ-दहा दिवस चालली की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या. तांबे दबते आणि सांधे थोडे ढिले पडतात.