जाड, तिरकं आणि वळणदार

संगणकावर लग्नपत्रिका करायला बसलात आणि टाइम्स न्यू रोमनमधल्या इंग्रजी नावावर ‘बी’ व ‘आय’ ही दोन बटणं दाबलीत, की अक्षर जाड होतं आणि उजवीकडे कलतं. पण ते नुसतं कलत नाही. छोटा दुमजली ‘ए’ एकमजली होतो. छोट्या अक्षरांतल्या उभ्या रेघांखालचे बहुतेक सपाट पाय, म्हणजे सेरिफ, जातात आणि तिथे लेखणीची वळणं येतात. या तिरक्या वळणाचा, म्हणजे इटॅलिकचा, उगमच हस्ताक्षरातला: व्हेनिसचे मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांनी १५०१ मध्ये या वळणाच्या टायपात कवी व्हर्जिलची काव्यं छापली. इटॅलिकला जाडपणाची जोड खूप नंतर मिळाली, जाहिरातींच्या जमान्यात.

देवनागरीत अशी परंपरा नाही. मराठी नाव तिरकं केलं, की बहुधा संगणकच अख्खं अक्षर ढकलतो. काना कलतो, शिरोरेघ मात्र आडवीच राहते. मला तर ते धावत्या एसटीत लिहिल्यासारखं वाटतं. मराठीत जोर द्यायचा तर अक्षर नुसतं जाड करा. इंग्रजीतही हे जाड-तिरकं वळण वधूवरांच्या नावांपुरतं ठेवा. मुहूर्त आणि पत्ता साध्या, उभ्या अक्षरातच छापा.