तीन रुळांचं गाव, तीन वाटांची माणसं

बालमित्रांनो, मिरज जंक्शनात एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते, माहीत आहे? पुण्याकडे ब्रॉडगेज, हुबळीकडे मीटरगेज आणि कुर्डुवाडीमार्गे लातूरला जाणारी नॅरोगेजची चिमुकली गाडी! आता सगळे रूळ एकाच मापाचे झालेत. पण याच स्टेशनावर उभं राहून आपण तीन वाटांनी गेलेल्या तीन माणसांना भेटू या.

पहिली वाट मिरजेतच थांबते. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडातले. 1889 साली ते भारतात आले आणि 1894 साली मिरजेत त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. लांबलांबच्या गावांहून रोग्यांची रीघ लागली. एकटा डॉक्टर किती जणांना पुरणार? मग 1897 साली त्यांनी इथेच वैद्यकीय शाळा काढली आणि इथल्याच तरुणांना शिकवलं. 1928 साली ते निवृत्त झाले, 1933 साली वारले. पण शिकवलेलं थोडंच संपतं? 1962 साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा त्याचे विद्यार्थी रोग्यांजवळ बसून शिकले ते याच हॉस्पिटलात! सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

दुसरी वाट कोल्हापूरची. मिरजेहून गाडीनं तास-दीड तास. तिथे 19 जुलै 1938 रोजी जयंत नारळीकर जन्मले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याकडे ते शिकले. 1964 साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्व एका महास्फोटातून जन्मलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांना ते पटत नव्हतं आणि अखेरपर्यंत ते तसं निर्भीडपणे सांगत राहिले. पुण्यात त्यांनी 'आयुका' ही संस्था उभारली. आणि गंमत ऐका! मुलं सही मागायला आली, की ते म्हणायचे, ''पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही मिळेल.'' आणि उत्तर खरंच यायचं, बरं का! 20 मे 2025 रोजी ते गेले. कितीतरी घरांत ती पोस्टकार्डं जपून ठेवली असतील.

तिसरी वाट सह्याद्रीची. मिरजेजवळून वाहणारी कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. म्हणजे डोंगर राखला, तर नदी राहणार! हे ओळखणारे माधव गाडगीळ 1942 साली पुण्यात जन्मले. शाळकरी वयात त्यांना एक वेडा राघू दिसला. त्याच्या शेपटीतलं सुईसारखं लांब पीस गायब! असं का? वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी थेट पक्षितज्ज्ञ सालिम अलींना पत्र लिहिलं. उत्तर आलं: पक्षी जुनी पिसं टाकतात, नवी येतात. तो मुलगा पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ झाला, गावोगावच्या देवराया त्यानं अभ्यासल्या. 2011 साली त्यांच्या समितीनं सांगितलं, पश्चिम घाट जपा आणि ठरवताना गावकऱ्यांना विचारा. सरकारांना ते रुचलं नाही; 2012 साली दुसरी समिती नेमली गेली. गाडगिळांनी मात्र आपलं म्हणणं सोडलं नाही. 2024 साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

तीन माणसं, तीन कामं. पण एक गोष्ट सारखीच आहे. रोगी, तारे आणि डोंगर एका जन्मात संपत नाहीत. काम पुढच्या हातांत द्यावं लागतं. वानलेस यांनी शाळा काढली, नारळीकरांनी पोस्टकार्डं लिहिली आणि सालिम अलींनी एका अनोळखी पोराला उत्तर धाडलं म्हणून गाडगीळ घडले.

पण दोस्तांनो, उत्तर यायला आधी प्रश्न जावा लागतो ना! तुम्हांला छळणारा प्रश्न कोणता? आजच वहीत लिहा, खाली तारीख घाला. आणि पोस्टकार्ड अजूनही मिळतं, हं!