पोटाला हेडफोन लावून बाळ हुशार होतं का?

आमच्या युसूफ वडगावच्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय. बायकोला चौथा महिना लागलाय, दोघं ऊसतोडीला निघणार आहेत. विचारतोय, "दादा, पोटाला हेडफोन लावून गाणी ऐकवली तर बाळ हुशार होईल का?"

भावा, हेडफोन राहू दे. बाळाला ऐकू यायला लागतं साधारण सहाव्या महिन्यात, आणि सगळ्यात चांगला पोहोचतो आईचाच आवाज, थेट तिच्या शरीरातून. शब्द अस्पष्ट असतात, पण बोलण्याची लय, हेल कळतो. म्हणजे अभिमन्यूला चक्रव्यूह नसता कळला, सुभद्रेचा आवाज मात्र पक्का ओळखता आला असता! 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं, की दोन-तीन दिवसांची बाळं आईचा आवाज लागावा म्हणून चोखण्याचा वेग बदलतात.

खरी गोष्ट ताटातली आहे. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच बंद होते. पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत हे काम उरकलेलं असतं, म्हणून फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून हवं. आणि बी-12? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्यांचं बी-12 फार कमी होतं, त्यांची मुलं 9 वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि आठवणीच्या चाचण्यांत मागे पडली. बी-12 मिळतं दूध, दही, अंडी, मटणातून. भाकरी-ठेच्यातून नाही.

जन्मानंतर? सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळालाही आपल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो. वर्षाचं होता होता तो जातो, कारण मेंदू रोज ऐकलेले आवाज धरतो, बाकीचे सोडतो. पण ऐकवायला माणूस लागतं. पॅट्रिशिया कुल यांच्या 2003 च्या प्रयोगात बाळं समोरच्या बाईकडून चिनी भाषेचे आवाज शिकली, तेच व्हिडिओवरून नाही शिकली. बाळ "अं" म्हणालं की कुणीतरी "काय रे सोन्या?" म्हणायला हवं.

आता फडावर बघा. आई पहाटेपासून मोळ्या बांधतेय, बाळ झोळीत, राखायला सात वर्षांची ताई. उत्तर द्यायला मोकळं कोण आहे? यात आईची चूक काढणाऱ्यांचा मला राग येतो. उचल घेतलीय, कोयता थांबला तर ती फिटणार कशी?

तर मित्रा, निघण्याआधी बी-12 चं डॉक्टरांना विचार, गोळ्या मनाने नको. अंगणवाडीताईंना कारखान्याचं गाव सांगून ठेव. आणि माता-बाल संरक्षण कार्ड पेटीच्या तळाशी नको, वरच ठेव.