गव्हाशिवाय कुकीज : घरच्या घरी नाचणीची नानकटाई



डिसेंबर लागला की आपल्या वसई-विरारमधल्या बेकऱ्या केक-बिस्किटांनी भरून जातात. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. ‘पाव’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. पण पाव, केक, खारी, नानकटाई हे सगळं मैद्याचं, म्हणजे गव्हाचं. मग ज्या मुलाला गहू चालतच नाही, त्याने नाताळात किंवा वर्गातल्या वाढदिवसाला काय खायचं? त्याचं उत्तर आपल्या घरातच आहे. चला, समजून घेऊया.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पीठ पाणी घालून मळलं की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. म्हणून पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. जवातही याच जातीची प्रथिनं असतात. नाचणी, ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत हे जाळं होत नाही. म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागतं आणि ती हलक्या हाताने थापावी लागते.

कुणाला चालत नाही?

सिलियाक हा आजार असणाऱ्यांना. यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न नीट शोषलं जात नाही. जुलाब, पोट फुगणं, रक्त कमी होणं, मुलांची उंची न वाढणं अशी लक्षणं दिसतात. यावर उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन टाळणं. “एवढंसं खाल्लं तर काय होतंय?” असं म्हणून आग्रह करू नका. एवढंसंही त्रासाचं ठरतं.

शंका असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. तपासणीपूर्वीच गहू बंद केला तर रक्ततपासणीत आजार दिसत नाही. आणि ज्यांना असा त्रास नाही, त्यांनी गहू सोडायची गरज नाही. ग्लुटेन नाही म्हणून साखर-तूप कमी होत नाही!

कुकीज सोप्या का?

ग्लुटेनशिवाय पाव करणं अवघड, कारण त्याला ते जाळं हवंच. नानकटाईचं उलट आहे. मैद्याची नानकटाई करतानाही “पीठ फार मळू नका” असं सांगतात. जाळं झालं की ती चिवट होते. तिचा खुसखुशीतपणा तुपातून येतो. म्हणजे इथे ग्लुटेन नसलं तरी बिघडत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. तीच वापरूया.

साहित्य (साधारण १८ नग)

- नाचणीचं पीठ १०० ग्रॅम
- तांदळाचं पीठ ५० ग्रॅम
- बेसन २५ ग्रॅम
- पिठीसाखर ८० ग्रॅम
- साजूक तूप १०० ग्रॅम
- बेकिंग पावडर पाव चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ
- दूध १-२ चमचे

कृती

१. नाचणीचं पीठ मंद आचेवर ५-६ मिनिटं भाजा. कच्चट वास जातो. पूर्ण गार होऊ द्या.
२. थिजलेलं तूप आणि साखर हलकं, पांढरट होईपर्यंत फेटा.
३. सगळी कोरडी पिठं चाळून त्यात मिसळा. गोळा होईल इतकंच दूध घाला.
४. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पीठ ओलावा धरतं, तूप घट्ट होतं आणि नानकटाई पसरत नाही.
५. छोटे गोळे चपटे करून १६० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये १८-२० मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकून १० मिनिटं तापवा. मग मंद आचेवर २०-२५ मिनिटं भाजा.

नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. कडा कोरड्या दिसल्या आणि खमंग वास सुटला की बाहेर काढा. गरम असताना त्या मऊच लागतात आणि हात लावला की मोडतात. पूर्ण गार झाल्यावरच उचला.

खरी काळजी : गिरणी

कृती सोपी आहे, गहू दूर ठेवणं अवघड. गिरणीत आधी गहू दळला असेल तर तुमच्या नाचणीत तो येणारच. तांदूळ, नाचणी, चणाडाळ घरीच मिक्सरमध्ये दळून बारीक चाळा, किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं पाकीट घ्या. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. चाळण आणि परात वेगळी ठेवा. पोळ्या लाटणं चालू असताना या कुकीज करू नका.

फसवी नावंही लक्षात ठेवा. रवा, लापशी, खपली हा सगळा गहूच. बाजारच्या बऱ्याच हिंगातही गव्हाचं पीठ असतं. उलट राजगिरा, शिंगाडा, वरी ही उपवासाची धान्यं मुळात ग्लुटेनमुक्त आहेत. मात्र त्यांच्या पिठालाही गिरणीचा नियम लागू!

करून पाहा

१. घरातल्या पाच पाकिटांवरचे घटक वाचा. गहू किंवा जव किती ठिकाणी सापडतो?
२. दिवाळीच्या फराळातले कोणते पदार्थ गव्हाशिवाय होतात, त्यांची यादी करा.

तुमच्या वर्गात किंवा सोसायटीत असं मूल असेल, तर पुढच्या वाढदिवसाला सगळ्यांसाठी हीच नानकटाई करा. एकाला वेगळा डबा देण्यापेक्षा सगळ्यांनी एकच खाऊ खाल्लेला बरा, नाही का?