डेट्रॉइटचे वार्तापत्र: मते जास्त, तरी पराभव

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरला सरपंच आता गावकऱ्यांच्या थेट मतांनी ठरतो. हा कायदा 2017 मध्ये फडणवीस सरकारने आणला, 2020 मध्ये महाविकास आघाडीने मोडीत काढला आणि 2022 मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने परत आणला. सरपंच सदस्यांतून निवडायचा म्हटले की फुटू नयेत म्हणून सदस्यांच्या ‘सहली’ निघतात, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे अमेरिकेचा अध्यक्ष लोक थेट निवडत नाहीत, हे ऐकून तिथल्या पारावर भुवया उंचावतील.

इथेही मतदानाला रांगा लागतात, निकालाची रात्र लोक जागून काढतात. पण अध्यक्ष निवडतात ते 538 निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी मत देणारे राज्यांचे प्रतिनिधी. 270 मिळाले की व्हाइट हाऊस. प्रतिनिधिगृहातल्या राज्याच्या जागा अधिक सिनेटच्या दोन, एवढे निर्वाचक त्या राज्याच्या वाट्याला येतात. 48 राज्यांत जो एका मताने पुढे, त्याच्या पदरात सगळे. 2016 मध्ये मिशिगनमध्ये ट्रम्प अवघ्या 10,704 मतांनी पुढे राहिले आणि राज्याचे सोळाही निर्वाचक घेऊन गेले. देशभरात हिलरी क्लिंटन यांना सुमारे 29 लाख मते जास्त होती. 2000 मध्ये अल गोर यांचेही असेच झाले. फ्लोरिडातल्या 537 मतांनी त्यांचे घोडे अडले.

निर्वाचक फुटतातही, बरे का! 2016 मध्ये सात जणांनी भलत्यालाच मत दिले. अशांना राज्ये शिक्षा करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. सहलीची गरज मात्र अजून कोणाला भासलेली नाही.

मग ही पद्धत बदलत का नाही? मुंबईत विधेयक बहुमताने मंजूर झाले की सरपंचाची निवड बदलते. इथे घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि वर 38 राज्यांची संमती लागते. 1969 मध्ये थेट निवडीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मोठ्या बहुमताने मंजूर झाली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांच्या खिंडीत ती अडकली. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला तीन निर्वाचक आहेत, चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाला 54. वायोमिंगने स्वतःहून हे वजन का सोडावे? खरी अडचण तत्त्वाची नाही, हातातले सोडण्याची आहे. महाराष्ट्रातही थेट सरपंचाची बाजू कोण कधी घेतो, हे पाहिले तर तोच वास येतो.

घटनेला हात न लावता एक आडवाट काही राज्यांनी शोधली आहे. देशात ज्याला सर्वाधिक मते, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे, असा त्यांचा करार आहे. 2024 मध्ये मेन सामील झाल्यावर त्यांची बेरीज 209 झाली. 270 होईपर्यंत करार कागदावरच राहणार.

उलट्या दिशेने ओढणारेही आहेत. नेब्रास्का आपले निर्वाचक मतदारसंघनिहाय वाटते. त्यामुळे रिपब्लिकन राज्यात ओमाहा शहराभोवतीच्या मतदारसंघाचे एक निर्वाचक-मत डेमोक्रॅटांकडे जाऊ शकते. 2024 च्या निवडणुकीपूर्वी ही वाटणी बंद करण्यासाठी वॉशिंग्टनहून दबाव आला. माइक मॅकडोनेल हे राज्याच्या विधिमंडळातले रिपब्लिकन सदस्य बधले नाहीत, बेत फसला. ते एक मत कमला हॅरिस यांना मिळाले. निकालावर त्याने काही फरक पडला नाही. ट्रम्प 312 निर्वाचकांनिशी जिंकले, आणि या खेपेला देशभरातली मतेही त्यांचीच जास्त होती.