तक्रारीचा टाळ

आमच्या कारखान्यात अधूनमधून बाहेरचे पाहुणे येतात, एसी हॉलमध्ये नेतृत्वावर तास-दोन तास बोलतात. समोसे झकास असतात. दुसऱ्या दिवशी लाइनवर पाहावं तर येरे माझ्या मागल्या. चाकणला शिफ्ट सांभाळताना मला जे उपयोगी पडतं, ते मी आषाढी वारीत पाहिलंय.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंदे सरकारांच्या पदरचे, त्यामुळे फौजेची घडी त्यांना ठाऊक होती. कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, कितव्या क्रमांकावर, हे आजही ठरलेलं असतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर माणसं चालतात. पगार नाही, ओव्हरटाइम नाही. तरी दिंडीत प्रत्येकाला आपलं काम माहीत असतं: कोण टाळकरी, कोण पखवाजी, कोणाच्या डोक्यावर तुळस. विणेकरी वीणा खाली ठेवत नाही. दमला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा लहान होत नाही आणि घेणाऱ्याला मिरवता येत नाही.

खरी गंमत मात्र संध्याकाळी, मुक्कामाच्या तळावर. सगळ्या दिंड्या समाजआरतीला जमतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार हातातला चोप उंचावतात आणि एवढा जमाव क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. एकदा आमच्याच दिंडीचे टाळ थांबले नाहीत. चोपदार गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आले.

“काय झालं, माउली?”

“पाण्याचा टँकर आला नाही. बायाबापड्या अंधारात पाणी हुडकत फिरतायत.”

त्यांनी ऐकून घेतलं, व्यवस्था बघणाऱ्याला तिथंच बोलावलं, आमच्यादेखत सांगितलं. मग आमचे टाळ थांबले. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या, उद्या निघायची वेळ सांगितली आणि आरती झाली. तोवर सगळा सोहळा एका दिंडीसाठी थांबला होता, आणि कोणी “यांचं नेहमीचंच” म्हणून तोंड वाकडं केलं नाही.

माणसाला उमेद भाषणानं येते, यावर माझा विश्वास नाही. आपलं काम कोणतं हे ठाऊक असलं आणि अडलं तर कोणीतरी चालत आपल्यापर्यंत येईल याची खात्री असली, की तो पायाला फोड आले तरी चालतो. तक्रार प्रत्येक वेळी सुटतेच असं नाही. पण काय होईल आणि काय होणार नाही, हे तोंडावर सांगितलेलं लोकांना चालतं. टोलवाटोलवी चालत नाही.

म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला मी टार्गेट सांगण्याआधी विचारतो, “कोणाचं काय अडलंय?” एका हेल्परनं असंच सांगितलं, “साहेब, ट्रॉलीचं मागचं चाक अडतंय.” लाइन का थांबते याच्या तक्त्यात हे कारण कुठेच नव्हतं. मेंटेनन्सवाल्यानं चाक बदललं, आणि पुढच्या स्टेशनवर माल वेळेत पोचू लागला.

नव्या टीम लीडरला मी एवढंच विचारतो: तुझ्याकडे शेवटची तक्रार कोणी आणली? “माझ्याकडे कोणाचीच तक्रार नसते,” असं जो छाती फुगवून सांगतो, त्याच्या लाइनवर मी आधी चक्कर मारतो.